आजाऱ्याचा खाडा कोणी सोसायचा?

दसरा जवळ आला की आमच्या बीड जिल्ह्यातील वाड्या-तांड्यांवर वेगळीच लगबग सुरू होते. पत्र्याच्या पेट्या बाहेर निघतात, ज्वारी-बाजरी दळून पिशव्यांत भरली जाते, म्हाताऱ्या माणसांच्या हाती घराची किल्ली आणि शाळेत जाणारी लेकरे सोपवली जातात, आणि मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेल्या उचलीचा हिशेब मनाशी घोळवत नवरा-बायकोची जोडी, म्हणजे इकडच्या बोलीत एक ‘कोयता’, ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील नाहीतर कर्नाटकातील साखर कारखान्याची वाट धरते. आरोग्य खात्यात आधी आरोग्य सेविका आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून मी ३७ वर्षे नोकरी केली. त्या सर्व वर्षांत क्षयाच्या तपासणीसाठी बेडक्याचे नमुने गोळा करण्याची खरी धावपळ याच दिवसांत होत असे, कारण टोळी एकदा निघून गेली की खोकणारे माणूस पुढचे पाच-सहा महिने आमच्या हाती लागत नसे.

अशाच एका तांड्यावर तिशीतील एक बाई भेटली. खोकला तीन आठवड्यांपासून होता, संध्याकाळी अंगात कणकण येत होती आणि ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता, इतके वजन उतरले होते. मी नमुन्याची डबी तिच्या हाती दिली तेव्हा ती हळूच म्हणाली, “सिस्टर, बेडका देते, पण कागदावर नाव लावू नका. उचल घेतलीय आम्ही. मुकादमाला कळालं तर कोयता मोडंल, अन् खाडा धरला तर पैसे आमच्याच अंगावर फिरतेत.”

खाडा म्हणजे कामावर न गेल्याचा दिवस. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, शिवाय त्याचा दंड उचलीच्या बाकीत चढतो. श्वासावाटे पसरणाऱ्या रोगांना आळा कसा घालावा, यावर मी कितीतरी बैठकांमध्ये बोलले आहे. खोकताना तोंड झाका, गर्दीत जाऊ नका, ताप असेल तर घरीच थांबा, ही वाक्ये मला झोपेतही म्हणता येतील. त्या दिवसापासून मात्र ही वाक्ये उच्चारताना प्रत्येक वेळी मला एकच विचारावेसे वाटते, की या माणसाने घरी थांबायचे ठरवले तर त्याचा खाडा कोण सोसणार आहे? रोग लपवला जातो तो बहुधा याच हिशेबापायी, आणि लपलेल्या रोगापुढे कोणतीही उपाययोजना चालत नाही, असे माझे मत बनले आहे.

हे रोग पसरतात कसे, ते आधी सांगते, कारण उपाय त्यावरूनच ठरतात. आपण श्वास सोडतो, बोलतो, गातो, खोकतो, शिंकतो तेव्हा लहान-मोठे असंख्य कण बाहेर पडतात. मोठे कण हातभर-दोन हात अंतरात खाली पडतात. अतिसूक्ष्म कण मात्र बंद खोलीत उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. कोणता रोग किती अंतरावरून लागतो यावर तज्ज्ञांमध्ये अनेक वर्षे वाद होता, आणि करोनाच्या काळात त्या वादाची मोठी किंमत मोजावी लागली, कारण जमिनीवर फवारणी करण्यात आणि पिशव्या पुसण्यात आपली बरीच शक्ती खर्च झाली. एप्रिल २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी परिभाषा प्रसिद्ध केली आणि लहान-मोठ्या कणांची जुनी भिंत काढून टाकून हे सर्व हवेतूनच होणारे संक्रमण आहे, असे मांडले. क्षय आणि गोवर यांच्या बाबतीत मात्र शंका पूर्वीपासूनच नव्हती. गोवराचा रुग्ण खोली सोडून गेल्यावरही विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो, आणि लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना लागण होऊ शकते.

साथीची भीती काय असते, ते मी १९९४ मध्ये पाहिले. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता आणि मराठवाडा त्यातून अजून सावरायचा होता. ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यातील मामला या छोट्या गावी उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि माणसांच्या काखेत-जांघेत गाठी येऊ लागल्या. गाठीचा प्लेग पिसवांमुळे होतो. त्यासाठी घरोघर कीटकनाशकाची भुकटी मारणे आणि संपर्कातील माणसांना टेट्रासायक्लिन देणे हा उपाय होता. आजूबाजूच्या गावांत गोळ्या वाटण्याचे आणि ताप मोजण्याचे काम माझ्याकडे होते. पुढच्याच महिन्यात सुरतेत प्लेगने फुफ्फुसांचे रूप घेतले. हा प्लेग खोकल्यावाटे थेट माणसाकडून माणसाला लागतो, आणि वेळेवर प्रतिजैविक मिळाले नाही तर रुग्ण क्वचितच वाचतो. ती बातमी पसरताच काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून आपापल्या गावी निघाली. औषध उपलब्ध होते, रोग बरा होणारा होता. परंतु तेथेच थांबल्यास आपल्याला औषध मिळेल आणि आपली पोरेबाळे उपाशी राहणार नाहीत, याची कोणी खात्री दिली नव्हती. पळणाऱ्यांना त्या वेळी सर्वांनी अडाणी ठरवले. मला ते तेव्हाही पटले नव्हते.

आमच्याकडे वेगळे राहण्याची रीत जुनीच आहे. प्लेगच्या काळात अख्खी गावे रानात झोपड्या घालून राहत असत. गोवर-कांजिण्या आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधत आणि तो डहाळा पाहून पाहुणा उंबऱ्यावरूनच मागे फिरत असे. त्यामागची देवीच्या कोपाची समजूत चुकीची होती आणि तिच्यापायी पुष्कळ लेकरांना औषध मिळाले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. डहाळ्याची खूण मात्र उपयोगाची होती. १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीत तर ना लस होती ना औषध, आणि देशभरात सव्वा ते दोन कोटी माणसे दगावली असावीत, असा अंदाज केला जातो. त्या वर्षी पाऊसही रुसला होता, म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाला घरात बसून खायला दाणाही नव्हता. २०२० च्या वसंतात कारखान्यांवरून परतलेल्या टोळ्यांना गावांनी वेशीबाहेर थांबवले आणि कित्येक कुटुंबे आखाड्यावर, शेतातील कोठ्यात राहिली. जेथे गावाने रोज डबा आणि पाण्याची घागर पोहोचवली तेथे चौदा दिवस निमूटपणे पार पडले. जेथे फक्त काठ्या घेतलेली माणसे उभी राहिली तेथे लोक रात्री गुपचूप घरी येऊन झोपत होते, हे मी स्वतः पाहिलेले आहे. विलगीकरण हा शब्द आपण कायद्याच्या भाषेत वापरतो, आणि १८९७ चा साथरोग कायदा आजही आपल्या हाताशी आहे. पण मला विचाराल तर विलगीकरणातील पहिली गोष्ट डबा आहे.

आता ज्या उपायासाठी रुग्णाला काहीच गमवावे लागत नाही, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. तो उपाय म्हणजे खेळती हवा. माझे आजोळ माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे होते. जाड भिंती, खिडक्या लहानच, पण प्रत्येक खणात वर एक साणे असे, आणि चुलीचा धूर व माणसांचा श्वास त्यातून वर निघून जात असे. माणसेही बहुतेक वेळ ओसरीवर नाहीतर अंगणात काढत. आता त्या जागी स्लॅबची आणि पत्र्याची घरे आली. भूकंपाने दगडमातीच्या घरांचे जे केले ते पाहिल्यावर त्याला कोणी नाव ठेवू नये. परंतु नव्या घरांत साणे राहिले नाही, खिडकीला काच आणि जाळी आली, चोरीच्या आणि धुळीच्या भीतीने ती कायमची बंद झाली, आणि उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेला की झळा लागू नयेत म्हणून दारेही बंद होऊ लागली. अशा दहा बाय बाराच्या खोलीत एक क्षयरुग्ण आणि पाच माणसे रात्रभर झोपतात, तेव्हा त्या पाच जणांसाठी मास्क किंवा हात धुणे यांपेक्षा उघडी खिडकी कितीतरी जास्त काम करते.

पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांची पाहणी झाली होती आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दारे-खिडक्या पूर्ण उघडल्या तर खोलीतील हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती, तर यंत्राने हवा खेळवलेल्या नव्या खोल्यांत ती १२ वेळा बदलेल, असा हिशेब होता. उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती याबाबतीत सरस ठरल्या. हे एका प्रशिक्षणात ऐकल्यावर मी परतून आमच्या उपकेंद्रातील तपासणीच्या खोलीत उदबत्ती लावली आणि धूर कोणीकडे जातो ते पाहिले. तो रुग्णाच्या बाकावरून सरळ माझ्या खुर्चीकडे येत होता. वर्षानुवर्षे मी रुग्णांचा खोकला अंगावर घेत बसले होते. त्याच दिवशी मी खुर्ची खिडकीपाशी नेली, बाक दाराकडे सरकवला, आणि त्यानंतर बेडका देण्यासाठी एकाही माणसाला संडासात किंवा खोलीच्या कोपऱ्यात जाऊ दिले नाही. बाहेर लिंबाच्या झाडाखाली, उघड्यावर, वाऱ्यात नमुना घ्यायचा हा नियम केला. यासाठी मला एका रुपयाची मंजुरी मागावी लागली नाही.

कूलरबद्दलही सांगायला हवे, कारण मराठवाड्यात तो घरोघरी आहे. कूलर खिडकीबाहेर बसवला आणि समोरचे दार किंवा दुसरी खिडकी वीतभर उघडी ठेवली, तर तो बाहेरची ताजी हवा आत ढकलतो आणि आतली कोंदट हवा उघड्या दारावाटे बाहेर जाते. तोच कूलर खोलीच्या आत ठेवून दार लावून घेतले, तर तीच ती हवा फिरत राहते आणि ओलसर उकाडाही वाढतो. भिंतीवरचा एसी तर सामान्यतः खोलीतीलच हवा गार करून परत सोडतो. पुष्कळांना वाटते की एसी म्हणजे शुद्ध हवा. ही समजूत लवकर गेली पाहिजे.

ही गोष्ट मला सर्वांत अधिक जाणवली ती लातुरात. माझी भाची वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी तेथे राहते. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने दूरदूरहून आलेली मुले तेथील वसतिगृहांत राहतात, आणि शिकवणी सुटली की अभ्यासिकेत जाऊन बसतात. ती ज्या अभ्यासिकेत जाते तेथे मी एकदा तिच्यासोबत गेले. खांद्याला खांदा लागेल अशा कप्प्यांत मुले बसलेली, खिडक्यांवर थर्माकोल चिकटवलेले, एसी सुरू, आणि दार ढकलताच नाकाला जाणवणारा तो शिळा, जड वास. दोन-तीन जण खोकत होते. मी भाचीला विचारले की आजारी मुले घरी का थांबत नाहीत. ती म्हणाली, “मावशी, महिन्याची फी भरलेली असते, सुट्टी धरत नाहीत, आणि टेस्ट बुडली तर मागे पडतो ना आपण.” तांड्यावरील त्या बाईचे बोलणे मला लगेच आठवले. दोघींचे जग किती वेगळे, पण हिशेब तोच.

अभ्यासिकेच्या मालकांशी मी बोलले. धूळ येते, रस्त्याचा आवाज येतो, एसीचे बिल वाढते, या त्यांच्या अडचणी खोट्या नव्हत्या. तीन गोष्टींवर मात्र ते राजी झाले: वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारे दोन पंखे बसवायचे, दिवसातून तीन वेळा सर्व खिडक्या पंधरा मिनिटे उघडायच्या, आणि तापाने घरी थांबलेल्या मुलाचे दिवस पुढच्या महिन्याच्या फीतून वळते करायचे. तिसरी गोष्ट मान्य करायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची होती. विहिरीत पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर टाकली की नाही, याची नोंद ग्रामपंचायतीला ठेवावी लागते. शंभर मुले बारा-बारा तास ज्या खोलीत श्वास घेतात, तेथील हवेचीही तशीच नोंद आणि तपासणी व्हायला हवी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

हात धुण्याविषयी थोडेच लिहिते. त्याचा उपयोग आहेच, सर्दी-पडसे आणि फ्लू काही अंशी हातांवाटेही पसरतात. परंतु एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे वीस सेकंद नळाखाली हात धरा असे सांगताना माझी जीभ जड होत असे. आम्ही मग गावोगाव भोक पाडलेली पाच लिटरची कॅन आणि दोरीला बांधलेला साबण लटकवायला शिकवले. एका तांब्याइतक्या पाण्यात सात-आठ जणांचे हात धुऊन होतात.

मास्कबद्दल माझे अनुभव संमिश्र आहेत. त्याच्या उपयोगाबद्दल मला शंका नाही. १९१०-११ मध्ये चीनच्या ईशान्येकडील मांचुरियात फुफ्फुसांच्या प्लेगची भयंकर साथ आली तेव्हा वू ल्येन-तेह या तरुण डॉक्टरांनी कापूस आणि जाळीदार कापडाची अनेक पदरांची मुखपट्टी सर्वांना लावायला सांगितली. एका ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांनी ते मानले नाही, मुखपट्टीविना रुग्ण तपासले, आणि काही दिवसांतच त्याच रोगाने ते गेले. आज एन-९५ मास्क चेहऱ्याला नीट बसला तर बारीक कणही सुमारे ९५ टक्के अडवतो, म्हणून क्षयाच्या वॉर्डात काम करणाऱ्यांना तो मिळालाच पाहिजे. गावात मात्र मास्क हे आजाऱ्याचे चिन्ह झाले आहे आणि फक्त एकट्याने लावला की लोक बाक सोडून उठतात. म्हणून मी रुग्णांना पदर, उपरणे किंवा दस्ती तरी तोंडावर धरा, असे सांगत आले. ते एन-९५ ची बरोबरी करत नाही, हे मला ठाऊक आहे. पण जे माणूस बाजारातही तोंडावर धरेल ते मी निवडले. दवाखान्याच्या रांगेत मात्र मास्क आम्हीच द्यायचो आणि सर्वांनाच द्यायचो, म्हणजे कोणी एकटे पडत नसे.

लसीकरणाच्या बाबतीत ऊसतोडीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. बीसीजी जन्मल्याबरोबर दिली जाते आणि ती बाळांना क्षयाच्या गंभीर प्रकारांपासून, विशेषतः मेंदूच्या आवरणाच्या क्षयापासून, वाचवते; मोठेपणीच्या फुफ्फुसांच्या क्षयाला मात्र ती पुरेशी नाही. घटसर्प आणि डांग्या खोकला यांवरील लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना असते, न्यूमोनियाची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर मिळू लागली, आणि गोवर-रुबेलाचे डोस नवव्या महिन्यानंतर व दीड वर्षाच्या सुमारास असतात. आता ऑगस्टमध्ये जन्मलेल्या बाळाचा विचार करा. त्याचे चौदा आठवडे भरतात तेव्हा ते उसाच्या फडाशेजारी कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत असते, आणि कारखान्याच्या गावच्या सेविकेच्या यादीत त्याचे नाव नसते. गोवर थांबवण्यासाठी शंभरातील ९५ बालकांना दोन्ही डोस मिळावे लागतात. उरलेली पाच टोळ्यांच्या मुक्कामाच्या एकाच अड्ड्यावर एकत्र राहत असतील तर जिल्ह्याची टक्केवारी कितीही चांगली दिसो, साथ तेथूनच सुरू होते. टोळी निघण्यापूर्वीच कोणत्या कारखान्यावर किती लेकरे चालली आहेत, याची यादी तिकडच्या केंद्राला फोनवरून कळवण्याची पद्धत आम्ही काही जणींनी पाडली होती. ती पद्धत कोणा एकीच्या उत्साहावर अवलंबून राहू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

क्षयाबाबत अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते, ती म्हणजे उपचार हाच रोग पसरू न देण्याचा मोठा उपाय आहे. मद्रासला झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासाचे निष्कर्ष १९५९ मध्ये आले. घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामात ठेवलेल्या रुग्णांइतकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली असेही आढळले नाही, कारण जी लागण व्हायची ती बहुतांशी औषध सुरू होण्यापूर्वीच झालेली असते. म्हणून भांडी वेगळी करणे, सुनेला माहेरी पाठवणे हे सर्व निरर्थक आणि निष्ठुर आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिला तेव्हा त्यांच्यातील नवे क्षयरुग्ण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. जगातील दर चार क्षयरुग्णांमागे एक आपल्या देशातील असताना डाळ-शेंगदाणे हे औषधाच्या बरोबरीने मोजले गेले पाहिजेत. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला महिना ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ही चांगली गोष्ट आहे. बुडालेल्या मजुरीपुढे ती रक्कम अपुरी आहे, हेही तितकेच खरे.

त्या तांड्यावरील बाईच्या नमुन्यात क्षयाचे जंतू सापडले. मी मुकादमाला काहीही सांगितले नाही. तिचा नवरा चुलत भावाच्या जोडीने अर्धा कोयता म्हणून गेला आणि ती सासूपाशी राहिली. घरच्या सर्वांची तपासणी झाली, दोन्ही लेकरांना प्रतिबंधक औषध सुरू झाले, आणि मी पत्र्याच्या भिंतीत वरच्या बाजूला हातभर झरोका पाडून घेतला. सहा महिने तिने एकही गोळी चुकवली नाही. चैत्रात रिकामी पाकिटे ओच्यात बांधून ती उपकेंद्रात आली तेव्हा वजन सात किलोंनी वाढले होते. मुकादमाच्या वहीत मात्र तिच्या वाटची उचल तशीच उभी होती, आणि ती फेडण्यासाठी पुढच्या दसऱ्याला दोघेही निघाले. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने धाकटीचे लसीकरण कार्ड माझ्याकडून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घेतले, आणि कारखान्याच्या गावातील सिस्टरचा नंबर त्याच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितला.